अठ्ठावीस सेकंद

“सबनीसबाई, आज आपला नंबर अकरावा,” उटगे म्हणाले आणि बाकावरची पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

मी बसले. ते नेहमी माझ्याआधी येऊन बोर्ड बघून ठेवायचे. साहेब आलेत की रजेवर आहेत, माझे वकील फुलारी कुठे दिसले, कँटीनवाल्यानं स्टोव्ह पेटवलाय की नाही, हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळायचं.

“पुण्याहून थेट आलात?”

“नाही. काल संध्याकाळी लातूरला येऊन राहिले. सकाळची एसटी धरली.”

“तेच बरं. गुडघा काय म्हणतो?”

“आहे तसाच.”

“एरंडेल चोळा म्हणलो होतो. चोळलं नसणार तुम्ही.”

लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही बहीण-भावाची जोडी कुणा तिसऱ्याशी भांडायला कोर्टात आली आहे. प्रत्यक्षात काशिनाथ उटगे फिर्यादी होते आणि मी आरोपी. माझ्यामुळे आपली अब्रू गेली, असा त्यांचा माझ्यावर खटला होता, आणि तो सात वर्षं चालला होता.

मी वैजयंती सबनीस. आज हे नाव सांगितलं तर कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तेव्हा उमटायचं. एका मराठी वृत्तवाहिनीवर दर शनिवारी माझा ‘झडती’ नावाचा कार्यक्रम लागायचा. रॉकेलमधली भेसळ, कागदावरच्या शाळा, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेलं धान्य. कॅमेरामनला घेऊन मी न सांगता आत शिरायचे आणि समोरच्याला विचारायचे, “हे काय चाललंय?” लोक लग्नामुंजीतसुद्धा ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवायचे. माझ्यावर एकदा शाई टाकली गेली, दोनदा गाडी फोडली गेली. मी सुपारी घेऊन बातम्या करते, अशी पत्रकं एका पुढाऱ्याच्या माणसांनी वाटली. निरनिराळ्या जिल्ह्यांत मिळून माझ्यावर तेरा खटले झाले, आणि नवा खटला दाखल झाला की आम्ही ऑफिसात पेढे वाटायचो.

उटगे निंबळगावच्या सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता होते. गाव त्यांना कंपौंडर म्हणायचं आणि ते प्रत्येकाला न चुकता दुरुस्त करायचे. त्या रुग्णालयात मुदत संपलेलं सलाईन रुग्णांना चढवतात, अशी खबर मला २००९ साली मिळाली. खबर देणारा रुग्णालयातलाच एक मोठा माणूस होता. आम्ही औषधांच्या कोठीत शिरलो तेव्हा उटगे स्टुलावर बसून बाटल्यांवरची लेबलं सोलत होते. पायाशी सोललेल्या कागदांचा ढीग होता. “हे काय चाललंय?” मी विचारलं. ते दचकून उठले, हातात बाटली तशीच. एवढं आम्ही शनिवारी दाखवलं, सावकाश गतीत, तीन वेळा. जुन्या तारखा काढून नव्या चिकटवणारा माणूस.

त्या महिन्यात तिथे एक बाळंतीण गेली होती. रविवारी सकाळी तिच्या माणसांनी उटग्यांच्या तोंडाला काळं फासून त्यांना बाजारातून फिरवलं. आम्ही तेही दाखवलं. सोमवारी ते निलंबित झाले. चौकशीतून सुटण्याआधीच त्यांचं निवृत्तीचं वय होऊन गेलं.

मग माझेही दिवस फिरले. वाहिनी बंद पडली. मालकांचं नाव वरच्या कोर्टानं खटल्यातून वगळलं, कॅमेरामन मस्कतला निघून गेला. बारा खटले या ना त्या मार्गानं मिटले. हा तेरावा राहिला, आणि त्यात मी एकटी राहिले. उटग्यांचे वकीलही हळूहळू यायचे थांबले. एका तारखेला व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. दोन तास समोरासमोर बसून झाल्यावर ते उठले, दोन चहा घेऊन आले आणि एक माझ्यापुढे धरला. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. खटला सोडून सगळ्यावर बोलायचो.

फुलारी वकील मला म्हणायचे, “बाई, हजेरीमाफीचा अर्ज देऊ. कशाला एवढ्या लांब येता?” मी काहीतरी कारण सांगून टाळायचे. पुण्यात आठवडेच्या आठवडे माझ्या दाराची बेल वाजत नव्हती.

त्या दिवशी फुलारी घाईघाईनं आले आणि मला बाजूला घेऊन त्यांनी एक कागद हातात दिला.

“आज तुमचा जबाब. साहेब एकेक प्रश्न वाचून दाखवतील. तुम्ही प्रत्येकाला म्हणायचं, खरं नाही. शेवटी विचारतील, आणखी काही सांगायचंय का? म्हणायचं, नाही. शपथबिपथ काही नसते यात. दहा मिनिटांचं काम.”

अकरावा नंबर काही जेवणाच्या सुट्टीआधी येईना. आम्ही दोघं कोर्टाच्या मागे पिंपळाच्या पारावर जाऊन बसलो. उटग्यांनी डबा उघडला. बायको गेल्यापासून भाकरी ते स्वतःच थापायचे. जाड व्हायची. त्यांनी अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली.

“आज एक सांगायचं होतं,” ते म्हणाले. “मी केस मागं घ्यायलोय.”

मी घास खाली ठेवला.

“मुलगा हैदराबादला चला म्हणतोय. किती दिवस एकटं राहायचं? इथं मी पडलो तर दुधवाला येईपर्यंत कुणाला कळायचं नाही.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातला घडी केलेला कागद दाखवला. “अर्ज लिहून आणलाय. आपला पुकारा झाला की देतो. तुम्ही सुटलात.”

“असं अचानक?”

“अचानक कसलं? सात वर्षं झाली.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला बरंच होईल ना?”

बरं म्हणजे किती बरं, हे त्यांना माहीत नव्हतं. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठानं मला पत्रकारितेचा विभाग सांभाळायला बोलावलं होतं. मुलाखत झाली होती, खोलीसुद्धा दाखवून झाली होती. अट एकच होती, डोक्यावर खटला नको. जूनपासून सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं. समोर चाळीस मुलं बसणार होती.

“हो,” मी म्हणाले. “बरं होईल.”

“मग झालं तर.” ते थोडा वेळ जेवले. मग मान वर न करता म्हणाले, “फक्त एक विचारू? कोर्टाचं म्हणून नाही. आपलं असंच.”

“विचारा.”

“त्या दिवशी तुम्ही कोठीत आलात. विचारलंत, हे काय चाललंय. त्यावर मी काय म्हणलो, ते आठवतं तुम्हाला?”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“नाही, मला वाटायचं मी बोललो. चांगला बोललो, सगळं सांगितलं. पण टीव्हीत बघावं तर मी नुसता उभा. तोंडसुद्धा हलत नाही. मुलानं मोबाइलवर घेऊन ठेवलंय, शंभरदा बघितलं असेल. खात्याच्या चौकशीत साहेबांनी विचारलं, निर्दोष होता तर तिथल्या तिथं बोलला का नाहीत? हिनंही जायच्या आधी तेच विचारलं. अहो, तुम्ही बोलला का नाहीत?” त्यांनी चटणीचं बोट डब्याच्या कडेला पुसलं. “आता मलाच वाटाय लागलंय, मी बोललोच नसेन. घाबरून नुसता उभा राहिलो असेन. माणूस मनात बोलतो आणि त्याला वाटतं, मोठ्यानं बोललो.”

“आठवत नाही,” मी म्हणाले. “फार वर्षं झाली.”

“तेच की. तुम्ही अशी शेकड्यानं माणसं बघितली असणार.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “नसेनच बोललो.”

त्यात राग नव्हता. अगदी शांतपणे त्यांनी ते मान्य केलं, आणि नळावर हात धुवायला गेले.

आमचा पुकारा साडेतीनला झाला. खोलीत मोजून सात माणसं होती. न्यायाधीश तिशीतले, सर्दीनं बेजार. टंकलेखक, नाझर, दारातला शिपाई, फुलारी, आणि आम्ही दोघं. उटगे अर्ज हातात घेऊन पुढे सरकले, तसा साहेबांनी त्यांना हात दाखवला.

“थांबा. आधी आरोपीचा जबाब होऊ द्या. तुमचं नंतर घेतो.”

मी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. साहेब वाचू लागले.

“पुराव्यात असं आलं आहे, की तुम्ही प्रसारित केलेल्या कार्यक्रमामुळे फिर्यादीची समाजात बदनामी झाली. काय म्हणायचंय?”

“खरं नाही.”

“पुराव्यात असं आलं आहे, की तुम्ही फिर्यादीची बाजू जाणीवपूर्वक दाखवली नाही.”

“खरं नाही.”

असे चौदा प्रश्न झाले. टंकलेखकाला माझं उत्तर ऐकायची गरजही उरली नव्हती, माझ्या आधीच तो टाईप करत होता. उटगे भिंतीशी उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनी धीर दिला, झालंच आता, अशा अर्थानं.

“आणखी काही सांगायचंय?”

फुलारींनी नकारार्थी मान हलवली. ती माझ्यासाठी होती.

“हो,” मी म्हणाले. “फिर्यादी त्या दिवशी बोलले होते.”

साहेबांनी नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला. “म्हणजे?”

“मी विचारलं, हे काय चाललंय. त्यावर ते म्हणाले, ‘बाई, बरं झालं आलात. ही लेबलं वरून डकवलीत. खाली बघा, खरी तारीख खाली आहे. मी काढून ठेवाय लागलोय. तीनदा लिहून दिलं वर, कुणी ऐकत नाही. तुम्ही तरी दाखवा.’ एवढं ते बोलले. अठ्ठावीस सेकंद. ते मी कापलं.”

टंकलेखकाचे हात थांबले होते.

“का कापलं?”

“खबर देणाऱ्यानं मला आधीच सांगितलं होतं, की हा माणूस सापडला की म्हणेल, मी पत्रं लिहिली होती. त्यामुळे ते बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, आलीच थाप. ती पत्रं मी मागितली नाहीत. जावक रजिस्टर बघितलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं, साहेब.”

“खबर कोणी दिली?”

“ते नाव मी सांगणार नाही.”

“बाई, तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.”

“घ्या लिहून,” साहेब टंकलेखकाला म्हणाले. मी सगळं पुन्हा सांगितलं, टाईप करता येईल इतक्या सावकाश. ‘तुम्ही तरी दाखवा’ म्हटल्यावर टंकलेखकानं विचारलं, “काय? तुम्ही काय?” ते मला तिसऱ्यांदा म्हणावं लागलं.

जबाबावर सही करून मी खाली उतरले.

“हं, फिर्यादी. तुमचा अर्ज होता ना?”

उटगे भिंतीपासून हलले नाहीत. हातातला कागद त्यांनी एकदा उघडून बघितला, मग घडी घालून खिशात ठेवला.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “अर्ज नाही. निकाल द्या.”

बाहेर येताच फुलारी मला काहीतरी टाकून बोलले आणि निघून गेले. उटगे पायऱ्यांवर उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

“जेवताना म्हणालात, आठवत नाही.”

“खोटं बोलले.”

“कधीपासून आठवतंय?”

इथे गप्प राहता आलं असतं. पण मी सांगितलं. कार्यक्रमाचे दोनशे भाग झाले, तेव्हा गाजलेले प्रसंग निवडायला मी जुन्या मूळ टेप काढल्या होत्या. त्यात ही टेप होती. मी ती पहिल्यापासून लावली, आणि एका चित्रावर थांबवली. उटग्यांनी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली होती. वरचं लेबल अर्धवट सोललेलं, आणि त्याखाली दुसरं, पिवळट, जुन्या तारखेचं. ते तारीख लपवत नव्हते, उघडी करत होते. मी बराच वेळ बघत बसले. मग टेप डब्यात घातली आणि कपाट लावून टाकलं. वाहिनी बंद झाल्यावर त्या कपाटासकट सगळं भंगारात गेलं.

“कोणत्या सालची गोष्ट ही?”

“दोन हजार बारा.”

ते मनाशी काहीतरी जुळवत राहिले. “ही गेली चौदा साली,” ते म्हणाले. “श्रावणात.”

एक पायरी उतरून ते थांबले.

“आणि आत त्यांचं नाव घेतलं नाहीत. खबर देणाऱ्यांचं.”

“शब्द दिला होता.”

“हं. त्यांना दिला होता.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “तीन वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंत, बाई.”

ते गेटच्या दिशेनं गेले. बसस्टँड डावीकडे होता आणि मलाही तिकडेच जायचं होतं. ते दिसेनासे होईपर्यंत मी पायऱ्यांवर थांबले.

निकाल दोन महिन्यांनी लागला. उटगे मुलाबरोबर आले आणि दुसऱ्या बाकावर बसले. मी दोषी ठरले. मी आपणहून कबूल केलं आणि माझं वय झालं आहे, म्हणून साहेबांनी शिक्षा सौम्य दिली. किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. उटग्यांनी हात जोडून विनंती केली, “साहेब, मी बोललो होतो तेवढं मराठीत एकदा वाचून दाखवाल का?” साहेबांनी निकालातला तो भाग वाचला. उटगे उभे राहून ऐकत होते. मुलानं त्यांच्या दंडाला धरलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी मान लववली आणि दोघं बाहेर गेले.

मी बसून राहिले. त्या दिवशी तिथे बांधाची भांडणं चालली, एका नवरा-बायकोचं पोटगीचं चाललं, एका माणसाला तीन हाका मारूनही तो आला नाही. साडेपाचला शिपायानं खिडक्या लावल्या आणि म्हणाला, “झालं, बाई. जावा आता.”

विद्यापीठानं कळवलं, की त्या जागेबाबत त्यांचा फेरविचार चालू आहे. ते मी धरूनच चालले होते. जे सहन झालं नाही ते वेगळंच होतं. कोर्टाच्या त्या खोलीत सात माणसं होती, आणि ती शनिवारची ‘झडती’ सगळ्या महाराष्ट्रानं बघितली होती. मी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. आता मोठमोठ्या वाहिन्यांवर असलेल्यांना. एवढं एक दाखवा म्हटलं, दोन मिनिटं द्या. सगळे प्रेमानं बोलले. “वैजूताई, आठ वर्षांपूर्वीचं प्रकरण. आता कोण बघणार?” एकानं सांगितलं, “सलाईनचं काही नवीन हाती लागलं तर सांग.”

शेवटी मी घरातच फोन पुस्तकांना टेकवून ठेवला, त्याच्यासमोर बसले आणि बोलले. निकालाची प्रत दाखवली. काशिनाथ उटगे काय म्हणाले होते ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि ते यूट्यूबवर टाकून दिलं. पहिल्या आठवड्यात एकसष्ट जणांनी बघितलं. खाली एकानं लिहिलं होतं, म्हातारपणी प्रसिद्धीचा सोस.

मग तो आकडा थांबायला हवा होता. पण तो वाढत राहिला. रोज संध्याकाळी एकानं, कधी दोनानं. मी सातच्या सुमाराला चहा घेऊन बसायचे आणि बघायचे. सत्तर. शंभर. दीडशे. जगात कुणीतरी एक माणूस रोज संध्याकाळी मला ऐकतो आहे, एवढं मला कळत होतं. दिवाळीच्या आधी उटग्यांच्या मुलाचा हैदराबादहून फोन आला. माझा नंबर त्यानं फुलारींकडून मिळवला होता.

“मॅडम, ते तुमचं बोलणं काढून तर टाकणार नाही ना? बाबा रोज लावायला सांगतात. कुणी घरी आलं की त्यालाही बसवून दाखवतात. मध्ये दोन दिवस नेट गेलं होतं तर जेवले नाहीत.”

“नाही काढणार,” मी म्हणाले. “ते आहेत का जवळ? मी बोलू का त्यांच्याशी?”

त्यानं फोनवर हात ठेवला. पलीकडे काही बोलणं झालं. मला उटग्यांचा आवाज ओळखू आला, शब्द कळले नाहीत.

“मॅडम,” मुलगा म्हणाला, “ते नको म्हणतायत.”

त्यानंतर दीड वर्ष तो आकडा रोज संध्याकाळी वाढत होता. मग चैत्रातल्या एका मंगळवारी तो वाढला नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. नेट गेलं असेल म्हणून मी दोन आठवडे वाट बघितली. मुलाचा नंबर माझ्याकडे होता, पण मी फोन केला नाही.